मत सांगा

पुस्तक एकट्याने वाचता येते. पण वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलायला सोबत लागते. उर्दू माध्यमाच्या एका शाळेत दर आठवड्याला होणाऱ्या वाचनाच्या तासाची हकिकत प्रस्तुत पाठात एका शिक्षकांनी सांगितली आहे. आपले मत कसे मांडावे आणि दुसऱ्याचे मत कसे ऐकावे, हे या पाठावरून समजते.

आमचे गाव यंत्रमागांचे. दिवसरात्र मागांचा खडखडाट चालू असतो. शुक्रवारी मात्र माग बंद असतात आणि आमच्या शाळेलाही सुट्टी असते. त्या दिवशी गाव इतके शांत असते, की गल्लीतल्या नळाला पाणी आले तर घरात बसून कळते. अशा शांत दिवशी माझ्या विद्यार्थ्यांनी एखादे पुस्तक वाचावे, असे मला फार वाटे. म्हणून मी आठवीच्या वर्गात गुरुवारचा शेवटचा तास वाचनासाठी राखून ठेवला.

आमचे ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात वरचे दोन कप्पे उर्दू पुस्तकांचे आणि खालचा एक मराठी पुस्तकांचा. त्याच कप्प्यात 'किशोर' मासिकाचे जुने अंकही रचून ठेवलेले. पाठ्यपुस्तक मंडळाचे हे मासिक १९७१ पासून निघते. गुरुवारी प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यायचे, वाचायचे आणि आपल्या वहीत त्याची नोंद करायची, असे ठरले. वहीत चार रकाने होते : तारीख, पुस्तक, लेखक आणि मत. तास पस्तीस मिनिटांचा. त्यात सगळ्या वर्गाला बोलता येणे शक्य नव्हते. म्हणून दर आठवड्याला दहा जणांची पाळी लावली. प्रत्येकाला दोन मिनिटे.

पहिल्या गुरुवारी मी फळ्यावर तीन नियम लिहिले :

१. पुस्तकाचे व लेखकाचे नाव सांगा.
२. गोष्टीचा शेवट सांगू नका.
३. तुमचे मत सांगा.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून उभा राहिला. तो म्हणाला, "सर, तिसऱ्या नियमात गडबड आहे. सांगायचे की नाही सांगायचे?"

मला क्षणभर काही कळले नाही. मग वर्गात खसखस पिकली आणि माझ्या लक्षात आले. उर्दूत 'मत' म्हणजे 'नको'. 'मत जाओ' म्हणजे 'जाऊ नका'. माझ्या फळ्यावर तर 'मत सांगा' असे लिहिलेले! मीही हसलो आणि म्हणालो, "मराठीत 'मत' म्हणजे तुमची राय. पुस्तक वाचून तुम्हांला काय वाटले ते."

"म्हणजे राय!" मुले एकदम म्हणाली आणि गडबड मिटली.

निदान मला तरी तसे वाटले. पण पुढचे तीन आठवडे जो उभा राही तो एकच सांगे, "पुस्तक फार छान आहे. मला आवडले. सर्वांनी वाचावे." कोणाचेही पुस्तक असो, वाक्ये तीच. वह्यांमध्येही तेच लिहिलेले. जणू एकानेच सर्वांच्या वह्या भरल्या होत्या. मग मला वाटू लागले, की त्या मुलाने विचारलेला प्रश्न काही खोटा नव्हता. मुलांनी 'मत' हा शब्द उर्दूतच वाचला होता. आपल्याला खरे काय वाटते ते सांगायचे नाही, असेच ती धरून चालली होती.

चौथ्या गुरुवारी खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीची पाळी आली. ती फारशी बोलत नसे. तिच्या हातात 'श्यामची आई' हे पुस्तक होते. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. माझे ते आवडते पुस्तक. मीच ते कपाटातून काढून तिला दिले होते.

ती खाली बघत म्हणाली, "सर, मला हे पुस्तक आवडले नाही."

वर्ग चिडीचूप झाला. सगळी मुले माझ्याकडे पाहू लागली. खरे सांगायचे तर माझ्या कपाळावर आठी चढली होती. पण नियम मीच लिहिला होता. मी स्वतःला सावरले आणि विचारले, "का नाही आवडले?"

ती म्हणाली, "घरातले सगळे काम श्यामची आईच करते. ती आजारी असली तरी तीच करते. श्याम हट्ट करतो, रुसतो आणि नंतर रडतो. मला वाचताना श्यामचा राग आला."

इतक्या आठवड्यांत वर्गात ऐकलेले हे पहिले खरे मत होते. आणि लगेच दुसरी गोष्ट घडली. वर्गप्रमुख उभा राहिला. तो म्हणाला, "सर, मी सहमत नाही. मी हे पुस्तक वाचले आहे. श्याम घरकामात आईला मदत करतो, असाही भाग त्यात आहे."

तिसरा म्हणाला, "मला पोहण्याची गोष्ट आवडली. श्याम विहिरीत उडी मारायला घाबरतो आणि लपून बसतो. तेव्हा आई त्याला मारते आणि पोहायला पाठवते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, म्हणून ती मारते."

"मारून का कोणी शूर होतो?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

तास संपल्याची घंटा झाली, तरी कोणी दप्तर उचलले नाही. मी त्या मुलीला विचारले, "पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. तू कोणत्या रात्रीपर्यंत वाचलेस?"

ती हळूच म्हणाली, "बाराव्या."

"मग उरलेल्या रात्री वाच आणि पुन्हा सांग. मत बदलले तरी चालेल, न बदलले तरी चालेल. पण कारण मात्र सांगायचे."

त्या दिवशी फळ्यावर चौथा नियम आला : कारण सांगा. वह्यांमध्ये पाचवा रकाना आखला गेला. त्यावर लिहिले : कारण.

मुलांना हा नियम पटावा म्हणून मी त्यांना त्यांच्याच ओळखीच्या एका गोष्टीची आठवण करून दिली. मुन्शी प्रेमचंद यांची 'ईदगाह' ही कथा वर्गातल्या बहुतेकांनी वाचली होती. छोट्या हामिदजवळ फक्त तीन पैसे असतात. बाकीची मुले जत्रेत मातीची खेळणी घेतात. हामिद आजीसाठी लोखंडी चिमटा घेतो. कारण पोळ्या भाजताना तिची बोटे भाजतात. मुले प्रथम त्याला हसतात. आपापले खेळणे किती भारी, ते सांगतात. हामिद रागावत नाही, रडत नाही. तो आपल्या चिमट्याची बाजू एकेक कारण देऊन मांडतो. शेवटी हसणारी मुलेच तो चिमटा हातात घेऊन पाहू लागतात.

मी म्हणालो, "हामिदजवळ पैसे सर्वांत कमी होते, पण कारणे सर्वांत जास्त होती."

त्यानंतर गुरुवारच्या तासाला रंग चढू लागला. सकाळी घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा एक मुलगा आमच्या वर्गात आहे. त्याने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख' हे आत्मचरित्र नेले होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला ही पुस्तक आवडली."

मुले हसली. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून तो 'ही पुस्तक' म्हणाला. मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे. 'हे पुस्तक आवडले' असे म्हणतात. पण मी आधी हसणाऱ्यांना थांबवले. चूक नंतरही सुधारता येते. बोलणारा एकदा गप्प बसला, की त्याला पुन्हा उभे करणे कठीण असते.

तो पुढे म्हणाला, "कारण कलाम लहानपणी वर्तमानपत्रे वाटत होते. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. रामेश्वरमला गाडी थांबत नसे. गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकत. ते गोळा करायला ते आपल्या भावाला मदत करत. माझे गठ्ठे तर नाक्यावर आयते मिळतात. पण पुढची क्षेपणास्त्रांची प्रकरणे मला अवघड वाटली. त्यात फार नावे आहेत."

लगेच एक मुलगी म्हणाली, "मला तीच प्रकरणे आवडली. एकदा अपयश आले तरी ते पुन्हा प्रयत्न करतात."

एकच पुस्तक, एकाला त्याची सुरुवात आवडली, दुसरीला पुढचा भाग. थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतील एका नियमाचा आशय असा, की कोणतेही पुस्तक टाकाऊ नसते, कुठेतरी त्याचा वाचक असतो. कपाटासमोर उभे राहून त्या वाचकाची वाट पाहण्यापेक्षा त्याला आवाज देणे बरे. आमचा गुरुवारचा तास म्हणजे असा आवाज देणेच होते. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाचे बोलणे ऐकून पुढच्या आठवड्यात चार जणांनी 'अग्निपंख' मागितले. प्रत मात्र एकच होती. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या!

दोन आठवड्यांनी खिडकीजवळची मुलगी आपण होऊन उभी राहिली. ती म्हणाली, "सर, मी सगळ्या रात्री वाचल्या. माझे मत अर्धे बदलले. श्याम पुढे सुधारतो. तो सगळे आपल्या मित्रांना खरेखरे सांगतो, स्वतःच्या चुकासुद्धा लपवत नाही. ते मला आवडले. पण आईला फार कष्ट पडतात, हे मत तेच आहे."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्गप्रमुखाने सर्वांत आधी वाजवल्या.

त्या दिवशी मी वह्या तपासायला घरी नेल्या. तिच्या वहीत मराठी मजकुराखाली पेन्सिलने दोन ओळी उर्दूत लिहिलेल्या होत्या. अक्षर तिचे नव्हते. त्या ओळींचा अर्थ असा होता : 'या पुस्तकात आई सगळ्यांना शिकवते. पण आईला काय हवे होते, ते तिला कोणीच विचारत नाही.'

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शनिवारी मी तिला विचारले, "हे कोणी लिहिले?"

ती घाबरली. "बाजीने, सर. चुकले का?"

"चुकले नाही. बाजी कुठे शिकते?"

मग सगळे कळले. अब्बा आजारी पडले तेव्हा बाजीने सातवीनंतर शाळा सोडली. त्याला तीन वर्षे झाली. ती आता घरी कांड्या भरते. रात्री ती कांड्या भरत असताना धाकटी बहीण तिला पुस्तक वाचून दाखवते आणि अडले तिथे उर्दूत समजावून सांगते. वाचन झाले, की दोघी वाद घालतात. वर्गात ऐकलेले ते पहिले मत अर्धे बाजीचेच होते.

मी पुन्हा त्या दोन ओळी वाचल्या. मला राहून राहून एक प्रश्न पडत होता. मी विचारले, "बाजीला काय हवे आहे?"

ती गोंधळली. म्हणाली, "मी कधी विचारले नाही, सर."

गुरुवारी ती उत्तर घेऊन आली. उत्तर एका शब्दाचे होते, "दहावी."

शाळा सुटलेल्या मुलामुलींना '१७ नंबरचा अर्ज' भरून दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसता येते. मी तिला तसे समजावून सांगितले. पण अब्बांपुढे बोलायचे कोणी? बाजीला धीर होत नव्हता. धाकटीने विचारले, "सर, तुम्ही येऊन सांगाल का?"

मी म्हणालो, "जरूर येईन. पण आधी बाजीलाच बोलू दे. तिला आपला चौथा नियम सांग."

बाजी अब्बांशी बोलली. मत सांगितले आणि कारणेही सांगितली. कांड्यांचे काम ती सोडणार नव्हती. सकाळी काम आणि रात्री अभ्यास करणार होती. मराठीचा पेपर अवघड जाईल असे अब्बा म्हणाले, तेव्हा तिने वाचून झालेल्या सात मराठी पुस्तकांची नावे सांगितली. अब्बा त्या रात्री काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "फॉर्मची फी किती आहे?"

मला त्यांच्या घरी जावे लागले नाही.

बाजीची परीक्षा अजून व्हायची आहे. तिचा अर्ज भरून झाला आहे. आता आमच्या कपाटातून दर गुरुवारी त्या घरी दोन पुस्तके जातात. एक धाकटीच्या नावावर, एक माझ्या. बाजीची स्वतंत्र वही आहे. ती आता मराठीतच मते लिहिते. कधी 'पुस्तक आवडली' असे लिहून जाते, मग स्वतःच खोडून 'आवडले' करते.

मी अजूनही प्रत्येक गुरुवारी फळ्यावर 'मत सांगा' असे लिहितो. नवीन वर्गातले कोणीतरी हमखास विचारते, "सर, सांगायचे की नाही सांगायचे?" आणि जुनी मुले दारातूनच ओरडून उत्तर देतात, "सांगायचे! कारणासकट!"

शब्दार्थ

हकिकत - घडलेली गोष्ट. यंत्रमाग - विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग. कप्पा - कपाटाचा खण. रकाना - वहीत उभ्या रेघा आखून केलेला भाग. खसखस पिकणे - सर्वांनी मिळून हसणे. चिडीचूप होणे - एकदम शांत होणे. कपाळावर आठी चढणे - राग किंवा नाराजी चेहऱ्यावर दिसणे. सहमत असणे - दुसऱ्याचे मत मान्य असणे. रंग चढणे - मजा वाढत जाणे. कांडी - सूत गुंडाळलेली लहान नळी. धीर होणे - हिंमत होणे. हमखास - नक्की.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिक्षकांनी वाचनासाठी कोणता तास राखून ठेवला?
(आ) 'श्यामची आई' हे पुस्तक कोणी व कोठे लिहिले?
(इ) हामिदने जत्रेतून कोणती वस्तू घेतली?
(ई) फळ्यावरचा चौथा नियम कोणता?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तिसरा नियम वाचून शेवटच्या बाकावरचा मुलगा का गोंधळला?
(आ) मुलीला 'श्यामची आई' हे पुस्तक प्रथम का आवडले नाही? नंतर तिचे मत कसे बदलले?
(इ) शिक्षकांनी हसणाऱ्या मुलांना का थांबवले?
(ई) बाजीने वहीत काय लिहिले होते? ते वाचून शिक्षकांना कोणता प्रश्न पडला?

३. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "सर, मी सहमत नाही."
(आ) "मग उरलेल्या रात्री वाच आणि पुन्हा सांग."
(इ) "फॉर्मची फी किती आहे?"

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) आमचे ग्रंथालय म्हणजे एक ........ कपाट.
(आ) हामिदजवळ पैसे सर्वांत कमी होते, पण........ सर्वांत जास्त होती.
(इ) बाजीने ........ नंतर शाळा सोडली.

५. भाषाभ्यास
उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, तर मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे. खालील वाक्ये शुद्ध करून लिहा.
(अ) ही पुस्तक माझी आहे.
(आ) मी नवीन पुस्तक वाचली.
(इ) तुझी पुस्तक कुठे ठेवली?

६. आपण वाचलेल्या एका पुस्तकाविषयी पाच वाक्ये लिहा. पुढील शब्दसमूहांचा उपयोग करा : माझ्या मते, मला आवडले कारण, मला आवडले नाही कारण, मी सहमत आहे, मी सहमत नाही.

उपक्रम : आपल्या वर्गात आठवड्यातून एक दिवस वाचनाचा तास ठेवा. घरातील एका मोठ्या माणसाला आपले पुस्तक वाचून दाखवा. त्यांचे मत विचारा आणि कारणासकट वहीत लिहा. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी ही मते वर्गात वाचून दाखवा.